जायला विसरलेले पाहुणे

१

खून व्हायचा होता, आणि तो झाला नाही.

सोमवारी सकाळी मुंगीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेच्या बशीत मुडद्यांचा खच पडलेला असायला हवा होता. त्याऐवजी बशीतली मंडळी ठणठणीत होती. गोल, गुटगुटीत, आणि शुक्रवारी होती त्याहून कितीतरी जास्त.

ही मंडळी म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी. प्रयोगशाळेत त्या मुद्दाम वाढवतात, कशाने मरतात ते पाहायला. मुंगीने गेल्या वर्षी मागच्या टेकडीवरच्या एका रानटी झुडपाचा पाला आणला, त्याचा अर्क या पेशींवर घातला, आणि तीन दिवसांत बशी स्मशानासारखी शांत झाली. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. झुडपाच्या फांद्या आणून काचघरात कलमे लावली गेली, कारण दर वेळी टेकडी कोण चढणार? नव्या पाल्याचा अर्क तयार झाला. आणि तेव्हापासून त्या अर्काने एक पेशी मरेल तर शपथ!

"परत जिवंत?" मागून आवाज आला. हा लंबू. पेशी सांभाळण्याचे काम त्याचे. दारातून येताना वाकायची सवय त्याला इतकी, की उंच दारातूनही तो वाकूनच यायचा.

"परत," मुंगी म्हणाली.

"सरांनी बोलावलंय तुला." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मीच सांगितलं त्यांना. सांगायलाच हवं होतं."

सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. बसून बोलणे त्यांना कधी जमलेच नाही.

"एकदा मेल्या. नंतर तीनदा मेल्या नाहीत," ते म्हणाले. "आपण तो पहिला निष्कर्ष जगभर छापलाय. तो मागे घ्यायचा, तर कारण द्यावं लागेल. मला सध्या एकच कारण दिसतंय." ते थांबले. "पहिल्या वेळी त्या बाटलीत तू नक्की काय घातलं होतंस?"

२

मुंगी मावशीकडे राहायची. लहानपणी स्वतःपेक्षा मोठे दप्तर ओढत शाळेत जायची, म्हणून हे नाव मावशीनेच ठेवलेले. मावशी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. फळा सुटला होता, पण शिकवण्याची खोड सुटली नव्हती. भाजीवाल्यालाही ती कांद्याच्या पापुद्र्यांमागची गोष्ट सांगून यायची.

मुंगी आली ती पिशवी टाकून जमिनीवरच बसली. सगळे ऐकून मावशीने हातातला शर्ट बाजूला ठेवला. ती बटण लावत होती.

"म्हणजे चोरीचा आळ आलाय."

"चोरीचा नाही गं, खोटेपणाचा! चोर सुटतो, पुन्हा कामाला लागतो. संशोधक एकदा खोटा ठरला की संपला. महिनाअखेरीपर्यंत सरांना कारण हवंय. नाहीतर निष्कर्ष मागे, आणि मी घरी."

"उद्या येते मी तिकडे."

"मावशी, ती प्रयोगशाळा आहे, पालकसभा नाही!"

"तुझे सर सातवीत माझ्या वर्गात होते. एका जागी बसत नसे पोरगा. भोवरा म्हणायचे मी त्याला. बघू अजून फिरतोय का."

दुसऱ्या दिवशी मावशी दारात दिसताच सर ताडकन उभे राहिले. म्हणजे उभे होतेच, ताठ झाले.

"बाई, तुम्ही?"

"बस रे भोवऱ्या. भाचीची वकिली करायला नाही आले. ती खोटी असेल तर मीच तिचा कान धरून बाहेर नेईन. पण आधी मला हे प्रकरण समजलं पाहिजे. दोन दिवस फिरू दे इथे."

सरांना नाही म्हणता आले नाही. सातवीतही आले नव्हते.

मावशीने मुंगीला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. "पहिल्यापासून शिकव. मला काही येत नाही असं समज."

"प्रत्येक पेशीला कधी जायचं ते कळतं," मुंगी म्हणाली. "म्हातारी झाली, बिघडली, की ती स्वतःच आवरतं घेते. आक्रसते, आतलं सामान बांधते, तिची छोटी छोटी गाठोडी होतात आणि शरीर ती उचलून नेतं. कुठे घाण नाही की आरडाओरडा नाही. या पेशी मात्र जायचंच विसरल्यात."

"म्हणजे पाहुणे. एक पाहुणा जेवून, दिवा मालवून, चपला घालून जातो. दुसरा गादी टाकून ठाण मांडतो आणि गावाकडचे चारजण बोलावून घेतो."

"आणि घरच्यांना बसायला जागा उरत नाही," मुंगीला हसू फुटले. किती दिवसांनी! "हाच तो आजार. आमचा अर्क त्यांना मारून टाकत नव्हता, जायची आठवण करून देत होता. मी पाहिलंय मावशी, अगदी गाठोडी बांधून जात होत्या."

मावशीचे लक्ष तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेले. त्याच्या पारदर्शक पाकिटात, फोटोच्या मागे, एक वाळके पान होते. चाळणीसारखे.

"हे कुणी कातरलं?"

"कातरलं नाही गं. पहिल्या दिवशी टेकडीवर तोडलेलं पान आहे ते. शुभ म्हणून ठेवलं." मुंगीचा चेहरा पडला. "शुभ कसलं!"

मावशी चष्मा पुसत राहिली. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक होते, चष्मा स्वच्छ असताना ती पुसू लागली की काहीतरी शिजते आहे.

३

पहिली गाठ लंबूशी.

"तू का रे चुगली केलीस?" मावशीने सरळच विचारले.

लंबू लाल झाला. "चुगली नाही, मावशी. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा मला हाच आजार झाला होता. मी वाचलो. मला जी औषधं दिली त्यातलं एक सदाफुलीतून काढलेलं असतं, ते मला खूप नंतर कळलं. पण माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याच्या आईला कुणीतरी कसला तरी पाला विकला, जादूचा म्हणून. तिने खरं औषध थांबवलं. म्हणून मला पाल्याबद्दल खोटं बोललेलं चालत नाही. मुंगीनेही नाही. मला तिने खोटं बोललेलं नकोच आहे हो, पण म्हणून मी गप्प कसा बसू?"

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यासाठी तिला टाचा उंचावाव्या लागल्या. "गप्प बसू नकोसच. माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. मला असाच माणूस लागणार आहे."

दुसरी गाठ काढेकाकांशी. पानांचा अर्क काढणे हे त्यांचे काम, आणि जिभेवर कायम कडवटपणा.

"माझ्या हातात खोट नाही," ते आधीच म्हणाले. "तीच भांडी, तोच अल्कोहोल, तीच आच. पहिला अर्क मीच काढला, नवेही मीच. बोट दाखवायचं तर दुसरीकडे दाखवा."

"दाखवत नाही. एवढंच सांगा, पहिला आणि नवा, दोन्हींत तुम्हाला काही वेगळं वाटलं?"

काका विरघळले. त्यांना कुणी कधी असे विचारत नसे. "पहिला काढताना डोळ्यांतून घळाघळा पाणी, घसा खवखवला. नवा म्हणजे अगदी सभ्य. फुलांच्या दुकानात उभं राहिल्यासारखं. आणि पाला तरी कसला सुरेख येतो आता! पहिल्या वेळी या पोरीने गोणीभर फाटका पाला आणून ओतला होता टेबलावर. मी सरांना म्हटलं, हा पाला आहे की जुनं धोतर? तेव्हापासून नियमच केलाय. भोक पडलेलं पान माझ्या टेबलावर चढत नाही."

तिसरी गाठ काचघरात, माळीदादांशी. काचघर आरशासारखे लख्ख. कुंड्या रांगेत, झुडपे हिरवीगार, पाने नुकतीच तेल लावल्यासारखी तुकतुकीत.

"लेकरांसारखी वाढवलीत," मावशी म्हणाली.

"लेकरांहून जास्त," माळीदादा फुलून आले. "लेकरं उलट बोलतात. खिडक्यांना जाळी मारली, रोज एकेक पान उलटून बघतो. अळी दिसली की चिमट्याने उचलायची. मारत नाही हां मी, त्यांनाही पोट आहे. मागच्या कुंपणापाशी नेऊन सोडतो."

"तिथे त्या खातात काय?"

"एक कलम वाकडं वाढलं होतं, ते टाकलंय तिथे. त्याच्यावर जगतात. त्याची पार दशा झालीय. तुम्ही नका बघू, वाईट दिसतं ते."

मावशी बघायला जाणार, तेवढ्यात मुंगी धावत आली. तिला धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"मावशी! पहिल्या अर्काची बाटली सापडली. शीतपेटीत, मागच्या फळीवर. तळाशी थोडा उरलाय!"

४

उरलेला अर्क लंबूने स्वतः पेशींवर घातला, सरांच्या देखत, आणि बशी ठेवलेल्या उबदार पेटीला कुलूप लावून किल्ली सरांनी खिशात टाकली. कुलूप उघडायच्या दिवशी मुंगीने नखे कुरतडून संपवली.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मेल्यात," ते म्हणाले. "साफ."

"बघा!" मुंगी ओरडली. "मी खोटं नव्हते बोलले!"

पण सर हसले नाहीत. ते खुर्चीत बसले. सर बसले, हेच वाईट लक्षण होते.

"मुंगी, जरा विचार कर. पेशी त्याच आहेत. काढेकाकांची रीत तीच आहे. झुडपं टेकडीवरच्या फांद्यांचीच आहेत, म्हणजे तीच. आणि तरी नव्या बाटलीत जीव नाही, जुन्या बाटलीत आहे. म्हणजे जुन्या बाटलीत असं काहीतरी आहे, जे त्या पानात नाहीच." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "ते कुणीतरी वरून घातलं. आणि ती बाटली फक्त तुझ्या ताब्यात होती."

ज्या दोरीला धरून वर यायचे, तिचाच फास बसला होता. मुंगीने मावशीकडे पाहिले.

मावशी खोलीत नव्हतीच.

५

मावशी कुंपणापाशी उकिडवी बसली होती. समोर ते टाकलेले कलम. फूटभर उंच, वाकडे, आणि एक पान धड नाही. पानांवर हिरव्या अळ्या निवांत चरत होत्या.

मुंगी तिच्याशेजारी मातीत बसली. "माझं संपलं, मावशी."

"ते ओळखपत्र दे बघू."

मुंगीने गळ्यातून काढून दिले. मावशीने ते वाळके पान कलमाच्या पानाशेजारी धरले. तीच चाळण. तीच अर्धगोल कड, जणू एकाच कात्रीने कापलेली.

"आता काचघरातलं एक पान आणून शेजारी धर, आणि मला सांग, तुझी बाटली कुणी लुटली."

मुंगी पान घेऊन आली. अखंड, तुकतुकीत, देखणे. तिने ते धरले. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

आणि मग अळ्यांकडे.

"सगळ्यांना बोलाव," मावशी उठत म्हणाली. गुडघा कुरकुरला. "काचघरात. आणि भोवऱ्याला सांग, उभं राहिलं तरी चालेल."

६

"प्रश्न सोपा आहे," मावशी म्हणाली. तिच्या हाती खडू नव्हता, पण बोटे खडू धरल्यासारखीच होती. "जुनी बाटली मारते, नवी मारत नाही. पेशी बदलल्या का? नाही, जुन्या अर्काने आजही मेल्या. रीत बदलली का? नाही, काकांचा हात तोच. मग उरतं पान. भोवऱ्या, तू म्हणालास पान तेच. कशावरून?"

"त्याच फांद्यांची कलमं आहेत, बाई. अंगातलं रक्त तेच, म्हणा ना."

"रक्त तेच. पण जगणं? एकाच आईची दोन पोरं. एक रानात वाढलं, एक दुलईत. दोघांचे तळवे सारखे असतील?"

तिने दोन पाने वर धरली. एक फाटके, एक अखंड.

"झाडाला पाय नाहीत. अळी आली तर ते पळू शकत नाही, हाकलू शकत नाही. एकच करू शकतं. पान कडू करायचं. पण ते विष तयार करायला झाडाला मेहनत पडते, अन्न खर्चावं लागतं. म्हणून काही झाडं ते कायम करत बसत नाहीत. कुणी चावलं की करतात. ज्या गल्लीत चोरच नाही, तिथे रखवालदार कोण ठेवतो?"

काढेकाकांचा हात नकळत घशाकडे गेला. "पहिल्या वेळी डोळ्यांतून पाणी..."

"तो रखवालदार होता, काका. टेकडीवरच्या पाल्यात तो ठासून भरला होता. अळीला पळवणारं तेच काहीतरी या पेशींनाही उठवतं, असा माझा अंदाज आहे. मग झुडपं इथे आली. माळीदादांनी मायेने एकेक अळी उचलली. चुकून एखादी राहिली, तर तिने खाल्लेलं पान काकांनी टेबलावर चढू दिलं नाही. भोकाबरोबर औषधही कचऱ्यात. इथे कुणी गुन्हा केला नाही. प्रत्येकाने आपलं काम जरा जास्तच चांगलं केलं."

माळीदादा मटकन उलट्या कुंडीवर बसले. "म्हणजे मीच..."

"तुम्हीच आम्हाला अळ्या राखून ठेवल्यात," मावशी म्हणाली. "मारल्या असत्या तर आज काय केलं असतं?"

सगळे एकदम बोलू लागले. लंबू मात्र घसा खाकरून म्हणाला, "गोष्ट छान आहे. पण पटत नाही."

मुंगीने वळून त्याच्याकडे पाहिले.

"कुंपणापाशी ऊन जास्त आहे. वारा आहे, माती वेगळी आहे. टेकडीवरही. अळीच कशावरून?"

मावशीचा चेहरा असा खुलला की तिच्या जुन्या विद्यार्थ्याला, म्हणजे सरांना, चक्क हेवा वाटला.

"शाब्बास! म्हणूनच म्हटलं, मला असा माणूस लागणार. गोष्ट छान असणं म्हणजे गोष्ट खरी असणं नव्हे. चल, विचारू या झाडालाच."

७

एकाच छपराखाली, एकाच उन्हात, एकाच मापाच्या पाण्यावर झुडपांचे दोन गट ठेवले. दोन्हींवर सारखी जाळी. एका गटाच्या जाळीत अळ्या सोडल्या, दुसऱ्याच्या नाही. माळीदादांनी अळ्या स्वतः सोडल्या, पोरीला सासरी पाठवावे तशा चेहऱ्याने.

आठवड्याभराने काढेकाकांनी दोन्हींचा अर्क काढला. एका बाटलीच्या वेळी ते शिंकत शिंकत अंगणात पळाले, पण कुठल्या ते त्यांना सांगायची बंदी होती. तिसऱ्या बाटलीत नुसता अल्कोहोल भरला, म्हणजे मारतो आहे तो अल्कोहोलच नाही ना हे कळावे. कशात काय आहे ते फक्त मावशीला माहीत. तिने बाटल्यांच्या गळ्याला शिवणाचे दोरे बांधले, लाल, निळा, पिवळा, आणि गुपित पदरात बांधून घरी निघून गेली.

बशा लंबूने मांडल्या. शिवाय निरोगी रक्तपेशींच्या तीन वेगळ्या बशा, कारण घरच्यांनाही हाकलून देणारे औषध काय कामाचे? त्यासाठी रक्त दिले सरांनी. सुई पाहून ते खोलीभर फिरले, शेवटी काढेकाकांनी त्यांना खांद्याला धरून बसवले.

आपण कशालाही हात लावायचा नाही, असे मुंगीनेच सांगितले होते. ती तेवढे दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली, हात कोटाच्या खिशात. आयुष्यात पहिल्यांदा ती काही ओढत नव्हती, उचलत नव्हती. ते सगळ्यात जड गेले.

बशा पाहायचा दिवस आला. मावशी दाराशी खुर्ची टाकून बसली. लंबू वाकला.

"पिवळा दोरा. पेशी जिवंत. भरपूर."

त्याने पुढची बशी भिंगाखाली सरकवली.

"लाल. जिवंत. तितक्याच."

मुंगीने डोळे मिटले. खिशातल्या मुठी घट्ट झाल्या.

"निळा." लंबू थांबला. भिंग फिरवले. पुन्हा फिरवले. त्याची पाठ हलेना.

"अरे बोल ना!" काढेकाका खेकसले.

लंबू सरळ झाला, इतका सरळ की डोके दिव्याला लागले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि तिथे अर्क तर उघडा नव्हता. "मुंगे, हात काढ खिशातून. तूच बघ."

ती आली. भिंगाखाली पेशी आक्रसल्या होत्या. कडांना बुडबुडे फुटत होते. काहींची छोटी, गोल, नेटकी गाठोडी झाली होती. काहींची बांधाबांध चालू होती. शेजारच्या बशीत, त्याच अर्कात, सरांच्या पेशी मात्र बऱ्याचशा आपापल्या जागी होत्या.

"निळा दोरा कशाचा, बाई?" सरांनी विचारले. आवाज सातवीतला.

मावशीने पदराची गाठ सोडली. आतून कागद निघाला नाही, एक पान निघाले. चाळणीसारखे. देठाला निळा दोरा.

सर मुंगीसमोर येऊन उभे राहिले. न हलता. "मी तुला विचारायला हवं होतं, पान कुठून तोडलंस. मी विचारलं, बाटलीत काय घातलंस. चुकलो मी. निष्कर्ष मागे घ्यायचा नाही. त्यात भर घालायची आहे, आणि ती तू लिहायची."

"लंबूसह," मुंगी म्हणाली. "तो बरोबर नसेल तर मी नाही लिहिणार. त्याने शंका काढली नसती तर आपण नुसती गोष्टच छापली असती."

लंबू दिव्याला लागलेले डोके चोळत राहिला. "ही बशी आहे, माणूस नव्हे," तो हळूच म्हणाला. "खाटेपर्यंत पोहोचायला वर्षं लागतील. कदाचित पोहोचणारही नाही."

"लागू देत," मुंगी म्हणाली. "सदाफुली तरी कुठे एका दिवसात तुझ्यापर्यंत पोहोचली होती?"

लंबू हसला. मग वाकून पुन्हा भिंगाशी गेला, म्हणाला, अजून एकदा मोजतो.

मावशी निघाली तेव्हा काचघराचे दार उघडे होते. माळीदादा जाळीपाशी ओणवे होऊन एका जाडजूड अळीशी बोलत होते.

"खा गं बाई, खा. पण एकदम सगळं नको. उद्याला ठेव."

मुंगी मावशीच्या मागून धावत आली. मावशीच्या हातातली पिशवी तिने न विचारता ओढून घेतली आणि खांद्यावर टाकली.

"काय गं, काय म्हणतायत तुझे पाहुणे?" मावशीने विचारले.

"निघालेत," मुंगी म्हणाली. "चपला शोधतायत."